प्रश्नाकडे 'वेगळ्या नजरेने' पाहायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पाचवीला शिकवता, निम्मा वर्ग गृहपाठ करून येत नाही, आणि 'वेगळ्या नजरेने बघा' असं सगळे सांगतात, पण ती नजर आणायची कुठून ते कुणी सांगत नाही. मी आशा गटप्रवर्तक आहे. गावोगावी घरभेटी देऊन आरोग्याचं काम करणाऱ्या वीसेक आशाताईंचं काम बघते. 'अमके लोक अमुक करत नाहीत' हे वाक्य मी रोज ऐकते, आणि बरीच वर्षं मीही तेच म्हणत आले.

माझी नजर बदलली ती एका लहानशा वस्तूने. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम सुरू झालं तेव्हा खेड्यापाड्यांत लहान मुलं न्यूमोनियाने दगावत होती. न्यूमोनिया ओळखायची एक साधी खूण आहे, श्वासाचा वेग. 2 महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, किंवा 2 महिने ते वर्षभराचं मूल 50 किंवा त्याहून जास्त, तर काळजीचं कारण. पण गावात बाळाजवळ असायची दाई, आणि दायांना मोजता यायचं फार तर 12 पर्यंत.

इथे आपण काय म्हणू? दाईला मोजता येत नाही, म्हणून तिला शिकवा, नाहीतर शिकलेली कुणी शोधा. त्यांनी दाईला जे येत होतं तिथून सुरुवात केली. 10 पर्यंत तर ती मोजतेच. मग एका पाटीवर मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर 10 श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्या मुलासाठी दुसरी. 60 चा आकडा दाईच्या डोक्यात भरायची गरजच उरली नाही, तो मण्यांनी सांभाळला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अक्षरशः भरून आलं होतं. किती बायकांना आपण 'अडाणी' म्हणून बाजूला बसवलं असेल!

त्याच लोकांनी दवाखान्याबद्दलही आदिवासींनाच विचारलं, तुम्ही का येत नाही? उत्तरं आली ती कुठल्याही अहवालात नव्हती. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्याकडे पांढऱ्या कापडात प्रेत गुंडाळतात. नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत. मग शोधग्रामला, म्हणजे 'सर्च'च्या परिसरात, दवाखाना झाला तो गोंड गावासारखा, झोपड्यांचा, नातेवाईक सोबत राहू शकतील असा, दंतेश्वरी मातेच्या नावाचा.

आणि आजारी नवजात बाळ दवाखान्यापर्यंत पोचत नाही, तर उपचारच घरी नेले. 39 गावांतल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी कमी झाला होता. आज आमच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांपर्यंत ज्या भेटी देतात, त्यांचं मूळ तिथेच आहे.

आता माझ्या भागातलं. एका वीटभट्टीवरच्या आया लसीच्या दीड महिन्याच्या डोसला बाळ आणायच्या, पण अडीच महिन्याच्या डोसला गायब. आम्ही रजिस्टरवर 'टाळाटाळ' लिहायचो, समजावायचो, कधी आवाजही चढायचा. शेवटी एका आशाताईने लस हा शब्दही न काढता एकीला विचारलं, "मागच्या वेळी सुई दिल्यावर घरी काय काय झालं?" ती म्हणाली, "ताई, सुई तुम्ही दिवसा टोचता, रात्र आमची जाते." बाळ तापाने रात्रभर रडायचं, सकाळी तिचा खाडा व्हायचा आणि मजुरी बुडायची. भट्टी बंद असायची फक्त बाजाराच्या दिवशी. वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून आम्ही लसीकरणाचं सत्र बाजाराच्या आदल्या दिवशी घेतलं. तापाचं औषध आधीही द्यायचो, आता ते कसं आणि केव्हा द्यायचं हे नीट समजावलं. बाळं येऊ लागली. सगळी नाही, पण बरीच.

म्हणून मी एकच गोष्ट करते. अडलेलं वाक्य कागदावर लिहिते आणि त्यात 'नाही' कुणाच्या नावावर लागलाय ते बघते. 'दाईला येत नाही', 'आई आणत नाही'. मग त्या माणसाला काय येतं, तो त्या वेळी काय करत असतो, हे जाऊन विचारते. बसल्या जागी मला कधीच काही सुचलेलं नाही, प्रत्येक वेळी तिथे जावंच लागलंय.

मात्र काही प्रश्नांना दुसरी बाजू नसते. पावसाळ्यात ओढ्याला पूर येऊन गाव तुटत असेल तर तिथे पूलच हवा. आशाताईचं मानधन वेळेवर मिळत नसेल तर ते वेळेवरच मिळायला हवं. अशा वेळी 'वेगळा विचार करा' असं सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

तुमच्या वाक्यात 'नाही' मुलांच्या नावावर आहे. या आठवड्यात गृहपाठ न आणणाऱ्या दोघांच्या घरी संध्याकाळी साताच्या सुमारास जा. वही तपासू नका. अर्धा तास बसा, चहा घ्या. दप्तर कुठे टेकवलंय, दिवा कुठे आहे, धाकटं भावंड कुणाच्या कडेवर आहे, तेवढं बघून या.