मुलाचा फोन, पतीची सही, आईचा आग्रह

या अंकासाठी आलेली पत्रे इंदूर आणि परिसरातील डॉक्टरांची आहेत. लिहिणारे वेगवेगळ्या शाखांचे आहेत, पण पहिल्या तिन्ही पत्रांत अडचण एकच दिसते: आजार एकाचा असतो आणि डॉक्टरांशी बोलणी करतो दुसराच. म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न: लोकमान्यनगर भागात माझा दवाखाना आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वृद्ध मराठी जोडप्यांची मुले पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात आहेत. आईच्या सुजलेल्या पायांचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर पाठवून ‘काका, एखादी गोळी लिहून द्या’ असे ती सांगतात. नाही म्हटले तर जुना घरोबा दुखावतो. एका मुलाने तर वडिलांच्या बायॉप्सीत कर्करोग निघाल्याचे वडिलांना कळू देऊ नका, असे बजावले आहे. माझी मर्यादा कोणती?

उत्तर: दुरून सल्ला देणे मुळात बेकायदा नाही. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली आणि ती डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांना जोडण्यात आली. पॅरासिटामॉल, ओआरएस यांसारखी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येतात. काही औषधांसाठी पहिला सल्ला व्हिडिओवरच द्यावा लागतो. तर काही औषधे केवळ पाठपुराव्यात, म्हणजे त्याच आजारासाठी तुम्ही रुग्णाला सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासले असेल तरच, आधीच्या औषधांत भर म्हणून देता येतात. औषध नियमांतील कडक नियंत्रणाच्या अनुसूची ‘एक्स’मधील आणि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली येणारी औषधे फॅमिली डॉक्टरांना फोनवरून देता येत नाहीत. ‘आईला झोप लागत नाही’ म्हणून सहज लिहून दिली जाणारी अल्प्राझोलाम याच वर्गात मोडते, याचा अनेकांना विसर पडतो.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मात्र औषधांच्या यादीत नाही. बोलणारा मुलगा आहे आणि रुग्ण आई आहे. आई सज्ञान असून तिची बुद्धी शाबूत असेल, तर तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार मुलाला केवळ मुलगा म्हणून मिळत नाही. तिने आधीच्या प्रत्यक्ष भेटीत तुम्हाला तसे सांगितलेले असावे किंवा मुलाकडे रीतसर अधिकारपत्र असावे, अशी या तत्त्वांची अपेक्षा आहे. यावर सोपा उपाय असा की, पुढच्या खेपेस आई दवाखान्यात येतील तेव्हा ‘तुमच्या प्रकृतीविषयी मी कोणाशी बोलू?’ असे त्यांनाच विचारावे आणि त्या सांगतील ते नाव केसपेपरवर तारखेसह लिहून ठेवावे. अनेकदा त्या अमेरिकेतल्या मुलाऐवजी शेजारच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या भाचीचे नाव सांगतात, आणि तेच व्यवहार्यही असते.

आता छायाचित्राविषयी. पायांची सूज रक्तदाबावरील अॅम्लोडिपिनमुळे आली, हृदय थकल्यामुळे आली की मूत्रपिंडामुळे, हे छायाचित्र सांगत नाही. ते कळण्यासाठी मानेच्या शिरा पाहाव्या लागतात, छाती ऐकावी लागते, वजन आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिॲटिनिन तपासावे लागते. गुडघेदुखीची गोष्टही तशीच. रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या सत्तरीच्या बाईंना फोनवरून वेदनाशामक गोळी सुचवली आणि त्यातच उन्हाळ्यात जुलाब झाले, तर मूत्रपिंड काही दिवसांत धोक्यात येते. नकार देताना हे कारण मुलाला सांगा. घरोबा कारण न दिल्याने दुखावतो, नकाराने फारसा नाही. आणि जो सल्ला द्याल त्याची नोंद ठेवा. व्हॉट्सॲपवरचा संदेश पुसला जातो, दवाखान्यातील वहीत लिहिलेले राहते.

वडिलांच्या कर्करोगाचा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्यावर माझे मत मुलाला रुचणार नाही. २००२ चे विनियम डॉक्टरांना आजाराचे गांभीर्य वाढवून सांगू देत नाहीत आणि कमी करूनही सांगू देत नाहीत. रुग्ण, नातेवाईक आणि जबाबदार स्नेही यांना रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताला पुरेल एवढी माहिती मिळेल याची खात्री डॉक्टरांनी करायची आहे. या यादीत रुग्ण पहिला आहे. तरीही सगळे एका दमात सांगून मोकळे व्हावे, असे मी म्हणणार नाही. ‘तपासणीत काय निघाले ते तुम्हाला किती सविस्तर ऐकायचे आहे, की ते मी मुलाशी बोलू?’ असा प्रश्न वडिलांना विचारावा. काहीजण मनापासून ‘त्याच्याशीच बोला’ म्हणतात. तो त्यांचा निर्णय असतो आणि तो मानावा. ज्यांना ऐकायचे आहे त्यांना टप्प्याटप्प्याने सांगावे. मात्र थेट प्रश्न आल्यावर खोटे बोलू नये, कारण केमोथेरपीच्या खोलीत शेजारच्या खाटेवरून ती बातमी कळतेच आणि त्यानंतर रुग्ण डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाही.

प्रश्न: मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तपासणीसाठी लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून पाहणे) करताना आत दुसरा आजार आढळला, तर बाहेर बसलेल्या पतीची सही घेऊन पुढची शस्त्रक्रिया त्याच भुलीत उरकण्याची आमच्याकडे पद्धत आहे. त्यात रुग्णाचाच फायदा होतो. तरीही वकील मित्र घाबरवतात. त्यांचे बरोबर आहे का?

उत्तर: त्यांचे बरोबर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ हाच प्रसंग तपासलेला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात ४४ वर्षांच्या अविवाहित महिलेची तपासणीसाठी लॅपरोस्कोपी चालू होती. ती भुलीत असताना बाहेर तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व अंडाशय काढले गेले. १६ जानेवारी २००८ च्या निकालात न्यायालयाने डॉक्टरांचा हेतू चांगला होता हे मान्य केले, तरीही आईची संमती निरर्थक ठरवली, कारण रुग्ण सज्ञान होती, थोड्याच वेळात शुद्धीवर येणार होती आणि तेव्हाच शस्त्रक्रिया केली नसती तर जिवाला धोका होता असेही नव्हते. डॉक्टरांना त्या शस्त्रक्रियेची फी नाकारली गेली आणि २५,००० रुपये भरपाई द्यावी लागली. रक्कम लहान आहे, तत्त्व लहान नाही. दुसऱ्यांदा भूल देण्याचा त्रास व खर्च वाचतो ही सबब न्यायालयासमोर टिकली नाही.

पतीचे स्थान आईहून वेगळे आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तेव्हा आत काय काय आढळू शकते आणि आढळल्यास काय करायचे, याची चर्चा शस्त्रक्रियेच्या आधी बाह्यरुग्ण विभागातच व्हावी आणि रुग्णाने मान्य केलेल्या व नाकारलेल्या दोन्ही गोष्टी संमतिपत्रात लिहाव्यात. संमतिपत्र हिंदीत असले तरी माळव्यातील खेड्यातून आलेल्या बाईला ते वाचता येत नसेल, तर मजकूर तिला समजेल अशा बोलीत वाचून दाखवावा आणि साक्षीदाराची सही घ्यावी. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावी लागणारी शस्त्रक्रिया याला अपवाद आहे; सोय हा अपवाद नाही.

प्रश्न: छिंदवाड्यातील विषारी सिरपच्या घटनेनंतर खोकल्याचे औषध लिहिताना हात थरथरतो, अटकेचीही भीती वाटते. दुसरीकडे, बाळासाठी औषध दिले नाही तर आया दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. बाटलीत काय आहे हे बालरोगतज्ज्ञाने कसे ओळखावे? — देवास

उत्तर: ओळखता येत नाही. २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यात ज्या सिरपमुळे मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि बालके दगावली, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल आढळले होते. द्रावक म्हणून वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये औद्योगिक दर्जाचा माल मिसळला गेला की हे विष औषधात उतरते. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधील याच विषाने रुग्ण दगावले होते आणि चौकशीसाठी न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमावा लागला होता. इतक्या वर्षांनी तोच दोष पुन्हा निघावा, याची लाज औषध तपासणाऱ्या यंत्रणेला वाटायला हवी.

तुमच्या हातात आहे ते औषध लिहायचे की नाही हे ठरवणे. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन या सर्दीवरील औषधांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितले होते. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः टाळावीत, असा सल्ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. आईला मात्र रिकाम्या हाताने पाठवू नका. वर्षावरील मुलाला मध, पुरेसे द्रवपदार्थ आणि परत कधी आणायचे हे एका कागदावर लिहून द्या. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक असेल, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, लघवी कमी झाली असेल, तर लगेच यावे. श्वास मोजायला तुम्ही आईलाच शिकवलेत, तर ती दुसरीकडे जाण्याची शक्यता कमी होते.

अटकेच्या भीतीविषयी इतकेच सांगतो: जेकब मॅथ्यू खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो, पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि डॉक्टरला नेहमीच्या रीतीने अटक करू नये, असे निर्देश आहेत. मात्र नियामकांची स्पष्ट सूचना असतानाही वर्ज्य मिश्रण लिहिले गेले असेल, तर या निकालाचा आधार दुबळा होतो.

प्रश्न: घरी गेलेल्या रुग्णाने कागदपत्रे मागितली. द्यावीत का? ती किती वर्षे जपावीत?

उत्तर: द्यावीत. रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यापासून ७२ तासांत ती द्यायची आहेत. भरती रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. ग्राहक आयोगात तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची असली तरी पुरेशा कारणाने उशीर माफ होऊ शकतो, त्यामुळे मी स्वतः नोंदी त्याहून अधिक काळ ठेवण्याचा सल्ला देतो. रुग्णाला प्रती द्याव्यात, मूळ कागद आपल्याकडे ठेवावेत आणि प्रती मिळाल्याची पोच तारखेसह घ्यावी.