आधी यात्रा, मग स्टुडिओ

पुणे, ज्येष्ठ वद्य द्वादशी

प्रिय पोरी,

तुझा फोन आला तेव्हा मी नाना पेठेत होते. निवडुंग्या विठोबापाशी टाळांचा एवढा गजर चालला होता की तुझं निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. काल पालख्या गेल्या, माउलींची दिवेघाटाकडे आणि तुकोबांची लोणीकडे. आज रस्ता मोकळा आणि घर गप्प, म्हणून लिहायला बसले.

तू पाठवलेली आठही गाणी ऐकली. एकदा कणीक मळताना आणि एकदा हातातलं सगळं बाजूला ठेवून. आवाज छान लागलाय. पुढच्या महिन्यात स्टुडिओ घेऊ का, हा तुझा प्रश्न. नको घेऊस. आता कारण वाच, मग रुसायचं तर रुस.

या आठांतली किती गाणी तू लोकांसमोर गायली आहेस? मैत्रिणीच्या गच्चीवरची मैफल धरू नकोस. तिथे कुणी उठून जात नाही. तिसऱ्या रांगेतला माणूस तंबाखू मळत सरळ बाहेर निघून जाऊ शकतो, अशा ठिकाणी किती? माझ्या मोजणीने दोन. उरलेली सहा अजून उंबऱ्याच्या आत आहेत आणि तू त्यांचा अल्बम करायला निघालीस.

मी हेच केलं होतं. माझी पहिली कॅसेट १९९४ सालची. स्टुडिओची शिफ्ट तासांवर मोजलेली, पैसे आईची पाटली मोडून आणलेले. संबळाला आमचे काका होते, पिढीजात गोंधळी. गोंधळात संबळ सुरुवातीच्या आवाहनाला संथ असतो आणि आख्यान रंगत गेलं की लय चढते. ती चढायलाच हवी, नाहीतर देवी यायची कशी? रेकॉर्डिस्टने काकांच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यात मशीनची टिकटिक सोडली. काका चार ओळी बरोबर वाजवत आणि पाचवीला पुढे निघून जात. पुन्हा घ्या. पुन्हा घ्या. सातव्या वेळी त्यांनी हेडफोन काढला, मांडीवर ठेवला आणि काचेपलीकडे बघून विचारलं, "हे जे आत टिकटिकतंय, त्याला कधी जागरण घडलंय का?" सगळे हसले. मीही हसले, आणि तिथेच चुकले, कारण ती कॅसेट माझी होती आणि टिकटिक बंद करा म्हणायचा अधिकारही माझाच होता. काकांनी मग टिकटिकीला धरून वाजवलं. एक मात्रा इकडची तिकडे नाही. ते गाणं मी आजही लावत नाही.

पुढच्या दोन वर्षांत तेच गाणं मी साठ-सत्तर ठिकाणी गायले. त्यातलं तिसरं कडवं आपोआप गळून पडलं, कारण तिथे बायका एकमेकींशी बोलायला लागायच्या. शेवटची ओळ मी तीनदा घ्यायला लागले, कारण लोकच ती परत म्हणायचे. आणि पट्टी अर्ध्या स्वराने उतरली. म्हणजे गाणं तयार झालं तेव्हा कॅसेट बाजारात येऊन जुनी झाली होती.

पट्टीचं नीट ऐक. तुझी आठपैकी पाच गाणी तू ताणून गायली आहेस. घरात, सकाळी, झोप झालेली असताना ती पट्टी लागते. सलग सहा रात्री गाऊन सातव्या रात्री लागते का ते बघ. काल दिंडीतल्या माणसांकडे मी तेवढ्यासाठीच बघत होते. अठरा-वीस दिवस चालायचं आणि चालताना गायचं असलं की माणूस पट्टी कशी धरतो, हे कुठल्याही क्लासात शिकवत नाहीत. अल्बममध्ये वरच्या पट्टीत गाऊन ठेवलंस तर लोक कार्यक्रमाला तीच ऐकायला येतील, आणि तू दर वेळी आपल्याच रेकॉर्डिंगच्या मागे धावशील.

तर एक वही घाल. मोबाइलमध्ये नको, तो साउंडवाल्याच्या हातात जातो. माझ्या वहीतलं एक पान उतरवून देते, सासवडच्या पुढच्या एका गावचं, चैत्रातल्या यात्रेचं :

"बिदागी १२,०००. गाडी-डिझेल २,२००. साथीदार चौघे, प्रत्येकी १,५००. चहा-नाष्टा ४००. उरले ३,४००. दुसरं गाणं पडलं. भारूड उचललं. ढोलकी शेवटी उतरली. दहाला माइक बंद. पुढचं तसंच म्हटलं, मागच्यांना ऐकू गेलं नसावं."

ती "दहाला माइक बंद"ची ओळ तुझ्याही वहीत वारंवार येईल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातून मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते. जागरण-गोंधळ तर रात्रभराचा प्रकार. म्हणून गाण्यांचा क्रम घड्याळ बघून लावायचा. जे माइकशिवाय जमत नाही ते दहाच्या आत. दहानंतर टाळ, संबळ आणि उघडा गळा यांवर जे चालतं तेच. तुझ्या यादीत असं एकही गाणं मला सापडलं नाही. सगळ्यांखाली गिटार आहे. गिटार असू दे, तुझी आहे, पण दोन गाणी तिच्याशिवाय उभी करून बघ.

पैशांचं. साथीदारांचे पैसे त्याच रात्री, गाडीत बसायच्या आधी. आयोजक चेक देतो, तो महिन्याने वटतो, ही तुझी अडचण आहे, ढोलकीवाल्याची नाही. त्याच्यासाठी वेगळी रक्कम बाजूला असावी, नसेल तर सुपारी घेऊ नये. निम्मा विसार हातात पडल्याशिवाय तारीख अडवायची नाही. संस्था टीडीएस कापतात. तो विवरणपत्र भरून परत मागता येतो, आणि आपल्यातले निम्मे लोक आळसाने मागत नाहीत.

बाई म्हणून फिरताना आणखी एक. तारीख ठरवतानाच फोनवर विचारायचं, कपडे बदलायला खोली कुठे आणि कडी आतून लागते का. मी आधी लाजायचे. मग एका गावी शाळेच्या वर्गात खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून, बाकांच्या आड साडी नेसावी लागली आणि बाहेर पोरं खिदळत होती. तेव्हापासून लाज सोडली. या प्रश्नावरून एखादी सुपारी मोडली तर ती मोडायच्याच लायकीची होती. आणि रात्री अडीचला परतीला निघायचं नाही. ड्रायव्हरही तुमच्याबरोबर सकाळपासून जागा असतो. देवळात, शाळेत, कुठेही आडवं व्हा आणि उजाडल्यावर घाट उतरा.

पुण्यातल्या कार्यक्रमाचं तू फार मनावर घेतलंयस. बालगंधर्व रंगमंदिर सुंदर आहे, १९६८ सालचं, आपल्या सगळ्यांची हौस तिथे अडकलेली असते. पण हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत, आणि रिकाम्या खुर्च्या गाणाऱ्याला फार स्पष्ट दिसतात. शनिवार पेठेतला छोटा सुदर्शन रंगमंच तुला यंदा पुरे. पुणेकर श्रोता टाळी जपून वाजवतो, त्याने खचू नकोस. तो कार्यक्रमानंतर जिन्यात गाठून चूक सांगतो. चूक बहुतेक वेळा खरी असते.

आता त्या चौथ्या गाण्याकडे येते. ती ओवी तू मुळशीकडच्या आजींकडून घेतलीस. श्रेयनामावलीत लिहिलंस, "पारंपरिक". शब्दांपुरतं ते बरोबर आहे, त्यावर स्वतःचं नाव घातलं नाहीस हे बरंच केलंस. पण चाल? दुसऱ्या चरणाला ती जी मुरकी आहे, ती आजींची आहे. मी मुळशीत आणि मावळात पुष्कळ ओव्या ऐकल्या, तशी मुरकी दुसरीकडे ऐकली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून जास्त. त्यांनी ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. दळण दळता दळता म्हटलेल्या दोन ओळींची कुणी एवढी नोंद ठेवतं, आणि आपण आख्खा अल्बम काढून एका शब्दात मोकळे होतो? आजींचं नाव घाल, गाव घाल, आणि अल्बमचे जे काही येतील त्यातला त्यांचा वाटा आधी ठरव. फार येणार नाहीत. हजार वेळा गाणं ऐकलं गेलं तर दोघींचा चहा-पोहे सुटेल एवढेच. पण ते पोहे घेऊन त्यांच्याकडे जा.

आणि सही करताना घाई नको. माझ्या त्या कॅसेटचा कागद इंग्रजीत होता. कंपनीच्या माणसाने बोट ठेवलं तिथे मी सही केली, आणि एकरकमी चार हजारांत सगळे हक्क गेले. नंतर माझंच गाणं एका जाहिरातीत वाजलं, ते मी टपरीवर चहा पिताना ऐकलं. तुमचं नशीब बरं, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा आता असा लिहून काढून घेता येत नाही. पण तो वसूल व्हायला आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं लागतं, नाव आणि गाणी नोंदवावी लागतात. एक दुपार जाते. गाणी अपलोड करायच्या आधी ती दुपार काढ. साथीदारांची नावंही तेव्हाच भर, प्रत्येक गाण्याखाली, वाद्यासकट. "आणि मित्रमंडळी" असं लिहिलंस तर मी तुझा अल्बम ऐकणार नाही.

मग स्टुडिओ कधी? दसऱ्याला फिरायला लाग. चैत्र-वैशाखात यात्रा असतात, मिळतील तेवढ्या घे, खंडोबाच्या, भैरवनाथाच्या, कुणाच्याही. यात्रा सरल्या की वैशाखाच्या शेवटी, पाऊस यायच्या आत, तीन शिफ्ट घे. पावसात जाऊ नकोस. आषाढात चामडं पाणी पितं, ढोलकी बसते, दिमडी, ते हातात धरून वाजवायचं छोटं चामडी वाद्य, तर पापड मऊ पडावा तशी होते. शंभर वॉटचा बल्ब जवळ ठेवून आम्ही वाद्यं शेकायचो, पण गाणं दोनदा रेकॉर्ड होईपर्यंत ती परत उतरतात आणि मग एकाच गाण्यात दोन पट्ट्या ऐकू येतात. दिमडी नवी घेणार असशील तर बकऱ्याच्या चामड्याची घे. कुणी हळू आवाजात "असली घोरपडीची" म्हणाला तर तिथून निघ. आवाज चांगला असतो, खोटं कशाला बोलू, पण घोरपड मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आणि बकऱ्याच्या दिमडीवर वाजवणारे माझ्या ओळखीचे चौघे तरी त्याहून सरस आहेत.

स्टुडिओत सगळ्यांना एका खोलीत बसव. रेकॉर्डिस्ट म्हणेल, वेगवेगळं घेऊ, नंतर दुरुस्त करता येईल. त्याचं काम सोपं होतं, म्हणून तो म्हणणारच. गोंधळाचं गाणं एकमेकांच्या तोंडाकडे बघून वाजवायचं असतं. झील धरणाऱ्याला, म्हणजे मागून ओळ उचलणाऱ्याला, तुझा श्वास दिसायला हवा. टिकटिक लावायची की नाही ते संबळवाल्याला विचार.

खंडोबाची तळी उचलायच्या वेळचं जे गाणं तू सातव्या नंबरला घेतलंयस, ते काढ. त्याचं कारण पत्रात नाही सांगत. जेजुरीला एकदा माझ्याबरोबर चल, पूर्ण जागरण बस, सकाळी तू स्वतःच ठरव. नाहीच पटलं तर ठेव, अल्बम तुझा आहे.

पाकिटात तुणतुण्याच्या दोन तारा घातल्यात. चौथ्या गाण्यात तार उतरलेली आहे, पहिल्या कडव्यानंतर लगेच. तुला ऐकू येते का बघ.

तुझी,
ताई