बॉट लावायच्या आधी हे वाच

भावा, इन्स्टाग्रामवर फॉलोअर वाढवणाऱ्या बॉटला, म्हणजे आपल्या नावानं आपोआप लाइक, फॉलो, कमेंट करणाऱ्या ॲपला, पासवर्ड देऊ नकोस. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या आमच्या चपलांच्या दुकानासाठी मी लावलेला. एका गिऱ्हाईकानं वडील गेल्याची पोस्ट टाकली आणि तिच्याखाली आमच्या नावानं ‘लई भारी!’ पडलं. घरी जाऊन माफी मागितली, दुसरं काय करणार? शिवाय इन्स्टाग्राम ७,५०० च्या वर खाती फॉलो करूच देत नाही, आणि असल्या ॲपचे खोटे लाइक-फॉलो काढायला त्यांनी २०१८ मध्येच सुरुवात केली. पोस्टची वेळ मात्र खुशाल लावून ठेव; इन्स्टाग्रामवाल्यांच्याच मेटा बिझनेस सूट ॲपमध्ये फुकट होतं. कारागीर चपलेची वेणी घालतानाचा, कापशी चप्पल करकर वाजतानाचा व्हिडिओ टाक. ‘आठ नंबर हाय का?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर स्वतः दे.