ॲरिझोनाच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर पूर्ण हिवाळा कॅम्पिंग करून राहता येतं का? आम्ही दोघं रिमोट काम करतो, व्हॅन आहे. तयारी काय लागेल?

येतं की, आणि बरेच लोक राहतातही. मी फिनिक्समध्ये असतो, थंडीत अधूनमधून तिकडे मुक्काम असतो म्हणून सांगतो.

ही जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची, म्हणजे बीएलएमची. साध्या मोकळ्या जागेवर फुकट राहायचं तर साधारण १४ दिवस, मग गाशा गुंडाळून लांब कुठेतरी हलायचं. तुम्हाला सीझनभर राहायचंय तर क्वार्ट्झसाइट गावाजवळचं ला पोसा, म्हणजे बीएलएमची लांब मुक्कामाची जागा, बघा, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल परमिटवर एकाच जागी राहता येतं. फी बरीच वर्षं १८० डॉलर होती, यंदाची मात्र बघून घ्या.

आता खरा मुद्दा. लोक सोलर, फ्रिज, गादी यातच अडकतात पण खरं डोकं लावायचं ते पाणी येणार कुठून आणि घाण जाणार कुठे यावर. तिथल्या नियमाप्रमाणे गाडीला सांडपाण्याची कायमची बसवलेली टाकी हवी, किमान १० गॅलनची. ते पोर्टेबल टॉयलेट घेऊन लोक खुश असतात, ते यात धरत नाहीत. टाकी नसेल तर सरकारी संडासापासून ५०० फुटांच्या आतच मुक्काम टाकायचा, म्हणजे वर्दळ आणि वास दोन्ही आलं. त्यामुळे व्हॅनमध्ये आधी ते काम करून घ्या, बाकी हौस नंतर. पाणी भरायची आणि टाकी रिकामी करायची सोय ला पोसातच आहे, पण प्रत्येक वेळी बिऱ्हाड आवरून गाडी काढायचा कंटाळा येतो म्हणून पाण्याचे वेगळे कॅन ठेवा. आणि आपला स्वयंपाक म्हणजे तेलकट भांडी! ताट-कढई आधी पेपर टॉवेलने कोरडी पुसायची, मग स्प्रे बाटलीने फवारून धुवायची, निम्म्याहून कमी पाण्यात होतं. कुकर घ्याच, गॅस वाचतो.

सोलर पॅनेल छतावर सपाट ठोकू नका. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला जेमतेम ३३ अंशांवर असतो, पॅनेल तिरकं करता आलं तर फरक लगेच कळतो. दिवसा छान ऊन असलं तरी रात्री कुडकुडायला होतं, जाड रजई हवीच.

जागा निवडताना कोरडा ओढा, ज्याला तिथे वॉश म्हणतात, तो टाळा. वाळू मऊ, सपाट, सावलीला झाड, मोह होतो, पण पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो.

जानेवारीत क्वार्ट्झसाइट गावात आरव्हीचं, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाड्यांचं, मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा तोबा गर्दी असते आणि मोबाइल नेट रडतं. मीटिंगा असतील तर स्टारलिंक, म्हणजे सॅटेलाइटवरचं इंटरनेट, घ्या नाहीतर त्या दिवसांत पलीकडे कॅलिफोर्नियातल्या ब्लाइथ गावाला जाऊन काम करा.