बेझेकीने मुद्दाम पाडलं का, आणि ८५० सीसीने काय बदलेल?

मोटोजीपीबद्दल, म्हणजे मोटरसायकलच्या सर्वोच्च जागतिक शर्यतींबद्दल, तुझे प्रश्न तीन: इंडोनेशियातल्या मंडालिकाला बेझेकीने मार्केझला मुद्दाम पाडलं का, त्याला झालेली शिक्षा पुरेशी होती का, आणि २०२७ला १००० सीसीच्या जागी ८५० सीसीची इंजिनं आली की असल्या धडका कमी होतील का. पहिल्याच प्रश्नावर निवृत्त इटालियन विजेता रॉसी आणि स्पेनचा मार्केझ या जुन्या वैऱ्यांचे चाहते एकमेकांवर तुटून पडले आणि इंजिन बाजूला राहिलं. माझ्या मते इंजिन बाजूला ठेवून धडकेचा निवाडा करताच येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. कॉलेजात आहेस म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतोय.

आधी माझी बाजू सांगून टाकतो. मी रॉसीचा माणूस, १९९७ साली त्याने १२५ सीसीचं अजिंक्यपद घेतलं तेव्हापासून. पोटापाण्याला भोसरीत क्रँकशाफ्ट (पिस्टनची ये-जा फिरण्यात बदलणारा इंजिनातला दांडा, आमच्या भाषेत क्रँक) ग्राइंडिंग करतो, बावीस वर्षं झाली. त्यामुळे शर्यत बघताना माझं लक्ष रायडरच्या आधी गाडीकडे जातं.

मंडालिकाची गोष्ट अशी. ५ ऑक्टोबर २०२५. बेझेकी पोलवर, म्हणजे सुटताना सगळ्यांत पुढच्या जागेवर होता, शनिवारची स्प्रिंट म्हणजे छोटी शर्यतही त्यानेच मारली होती. रविवारी सुटताना मात्र त्याचं बिनसलं आणि तो घोळक्यात सापडला. पहिल्याच फेरीत, वेगातल्या उजव्या वळणावर त्याची एप्रिलिया मार्केझच्या डुकाटीला मागून जाऊन भिडली आणि दोघेही बाहेर फेकले गेले. आठवड्यापूर्वीच मोतेगीला अजिंक्यपद पक्कं केलेल्या मार्केझचा उजवा खांदा मोडला आणि त्याचा उरलेला हंगाम बुडाला. बेझेकीने चूक कबूल केली. मुद्दाम केलं नाही, हे खुद्द मार्केझनेही सांगितलं. बेझेकी रॉसीच्या रायडर घडवणाऱ्या अकादमीतला, एवढ्यावरून लोकांनी कट रचून टाकला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

२०२३च्या सप्टेंबरात आम्ही पुण्याहून चौघे ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर गेलो होतो. शनिवारची स्प्रिंट, पहिलं वळण. मारिनीची गाडी बेझेकीच्या अंगावर गेली. दोघेही रॉसीच्याच टीमचे आणि मारिनी तर रॉसीचा सावत्र भाऊ. मारिनीचं कॉलरबोन मोडलं. बेझेकी अगदी मागे पडला, तिथून पाचवा आला आणि रविवारची मुख्य शर्यत त्याने मोठ्या फरकाने जिंकली. तिथे कोणाला कट दिसला? एकालाही नाही, कारण दोघांच्या गाडीचा रंग एक होता. मंडालिकाला रंग वेगळे होते, बाकी मामला तोच: गर्दी, थंड टायर आणि समोरच्याचा वेग ओळखण्यात झालेली चूक.

आता गाडीचा भाग. ताशी ३००च्या वेगात वारासुद्धा ब्रेकचंच काम करतो. रायडर सीटवर उठून बसला की छातीवर वारा आदळतो आणि गाडी ओढून धरली जाते. पण पुढच्या गाडीच्या अगदी मागे असलेल्याला तो वारा मिळत नाही. रोजच्या जागी ब्रेक मारूनही त्याची गाडी पुढे खेचली जाते. हल्लीच्या गाड्यांना एवढे पंख लावलेत, की मागे सोडलेली हवाही ढवळून निघालेली असते. मागच्याच्या पंखांना त्या हवेत जोर मिळत नाही, पुढचं चाक हलकं पडतं. शिवाय पुढच्या टायरला गार हवा लागत नाही, तो तापतो, त्यातलं प्रेशर वाढतं आणि पकड जाते. दुसऱ्या बाजूने नियम असा, की शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्यांत पुढच्या टायरचं प्रेशर १.८ बारच्या खाली जाता कामा नये. म्हणून टीम आधीच हिशेब करून हवा भरते, आणि तो हिशेब चुकला की पंचाईत. २०२५च्या थायलंडमधल्या बुरीरामच्या शर्यतीत मार्केझ पुढे होता. प्रेशर कमी पडतंय म्हटल्यावर तो आपणहून धाकट्या भावाच्या, अलेक्सच्या, मागे जाऊन बसला, त्याच्या गरम हवेत टायर तापवला आणि शेवटी पुढे जाऊन जिंकला. मागे राहण्याने टायर किती तापतो याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

म्हणजे आजच्या रायडरला मागे राहणं परवडत नाही आणि पुढे जायला जागाही फारशी नाही. वळणातून बाहेर पडताना राइड-हाइट डिव्हाइस गाडीचा मागचा भाग खाली बसवतं, पुढचं चाक उचलत नाही, सगळे सारख्याच जोराने सुटतात. मग सरळ पट्ट्यावर फरक पडायचा कुठून? उरतं एकच ठिकाण, वळणाच्या तोंडाशी उशिरा ब्रेक मारून आत घुसणं. आपण त्याला ‘घुसखोर’ म्हणून शिव्या देतो. चूक झाली तर जबाबदारी घुसणाऱ्याचीच, पण दुसऱ्या वाटा गाड्यांच्या रचनेनेच बंद केल्यात हेही लक्षात घे.

इथे मला माझ्या धंद्यातलं एक सांगायचंय. २०१३च्या सुमारास नाना पेठेतल्या एका मित्राच्या गॅरेजात यामाहा आर-वनचं इंजिन उघडलं होतं, बेअरिंग गेलं होतं, म्हणून क्रँक तपासायला माझ्याकडे आला. आमच्याकडे रोज येतात ते चारचाकीचे चार सिलिंडरचे क्रँक. व्ही-ब्लॉकवर ठेवले की चारही पिना (पिस्टनचे दांडे जोडतात त्या जागा) एका पातळीत, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या. आर-वनचा क्रँक ठेवला आणि फिरवला, तर दर ९० अंशाला एक पिन वर. समोरून बघितलं तर अधिकाचं चिन्ह. डायल गेज बाजूला ठेवून मी तो नुसता फिरवत बसलो होतो. सरळ क्रँकमध्ये स्फोट ठरावीक अंतराने होतात, दर १८० अंशांनी. या क्रँकमध्ये २७०, १८०, ९०, १८० अशा चालीने. त्या आडव्यातिडव्या ठोक्याने इंजिनाची स्वतःची थरथर मागच्या चाकाच्या खबरीत मिसळत नाही. मूठ किती पिळली आणि टायरने किती पकडलं हे रायडरला हातात कळतं. २००४ला रॉसी यामाहावर आला तेव्हा रेसगाडीत हेच बसवलं होतं आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वेलकोमची पहिलीच शर्यत त्याने प्रतिस्पर्धी बियाजीला मागे टाकून जिंकली. होंडाने १९९२ला ५०० सीसीच्या टू-स्ट्रोकमध्ये ‘बिग बँग’, म्हणजे सगळे स्फोट जवळजवळ एकत्र होणारं इंजिन आणलं, तेही टायरला दम खायला वेळ मिळावा म्हणून. गंमत म्हणजे होंडाच्याच डूहानने १९९७ला ते सोडून पुन्हा ठरावीक अंतराने स्फोट होणारा जुना ‘स्क्रीमर’ मागून घेतला आणि त्या वर्षी १५पैकी १२ शर्यती जिंकल्या. इंजिन किती ताकद देतं यापेक्षा ते रायडरशी कसं बोलतं, यावर त्याची रेषा, म्हणजे वळणातून जायची वाट ठरते.

इनलाइन-फोरवाला (चारही सिलिंडर एका ओळीत) रुंद, गोल रेषेने वेग राखत जातो. व्ही-फोरवाला (दोन-दोन सिलिंडर व्ही आकारात) उशिरा ब्रेक मारतो, गाडी झटकन वळवतो आणि सुटतो. दोघे एका वळणात आले की दुसरा पहिल्याची रेषा कापणारच, आणि त्यावरून तक्रारी व्हायच्या. पण त्यातूनच मजा यायची, कारण दोघे वेगवेगळ्या जागी वेगवान असत. इनलाइन-फोरवाली सुझुकी २०२२ अखेर मोटोजीपीतून गेली आणि २०२६पासून यामाहाही व्ही-फोरवर गेली. आता सगळे एकाच जागी ब्रेक मारणार. याची मला खरी काळजी वाटते.

२०२७बद्दल मात्र मी आशावादी आहे. अनेकजण म्हणतात, २००७ला ९९० सीसीचं ८०० केलं तेव्हा शर्यती नीरस झाल्या, आताही तसंच होईल. तेव्हा बोअरवर (सिलिंडरच्या व्यासावर) बंधन नव्हतं. कंपन्यांनी बोअर वाढवला, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) कमी केला, आरपीएम (मिनिटाचे फेरे) चढवले. ताकद वरच्या टोकाला गेली, ती सांभाळायला इलेक्ट्रॉनिक्स आलं आणि वळणात एकच रेषा उरली. आता बोअर ८१वरून ७५ मिमीवर बांधून टाकलाय. कॅल्क्युलेटर घेऊन बस: १००० सीसी, चार सिलिंडर, ८१चा बोअर, तर स्ट्रोक येतो ४८.५ मिमी. ८५०ला ७५ने ४८.१. म्हणजे स्ट्रोक जवळपास तोच, पिस्टनचा वेग तोच, आरपीएमही फार चढवता येणार नाहीत. पिस्टनचा माथा मात्र क्षेत्रफळाने १४ टक्के लहान. ज्याने हा आकडा ठरवला त्याला क्रँक कळतो, एवढं नक्की.

त्यात राइड-हाइट डिव्हाइस पूर्ण बंद आणि पुढचे पंख अरुंद. चाक उचलू लागलं की मूठ सांभाळणं पुन्हा माणसाच्या हातात येईल, बाहेर पडताना फरक दिसेल, मागच्याला हवा मिळेल. मंडालिकासारख्या धडका यामुळे कमी व्हाव्यात असं मला वाटतं.

मलेशियातल्या सेपांग २०१५सारख्या मात्र होणार नाहीत असं कोणतंच इंजिन सांगू शकत नाही. २५ ऑक्टोबरची ती दुपार आम्ही टिळक रोडवर एका मित्राकडे बघितली. चौदाव्या वळणात रॉसी रुंद जातो, वेग कमी करतो, मान वळवून मार्केझकडे बघतो, आणि मग मार्केझ पडतो. आधी मार्केझने त्याला छळ छळ छळलं होतं, हे खरं. पण ब्रेक मारायची जागा चुकलेला रायडर समोर वळणाकडे बघतो, शेजाऱ्याकडे नाही. खोलीत आम्ही सहाजण, सगळे रॉसीचे, आणि कोणी बोलेना. त्याला ३ पेनल्टी गुण मिळाले, आधीचा १ होताच, म्हणून वालेन्सियाच्या शेवटच्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून सुरुवात. अजिंक्यपदासाठी त्याच्याशी झुंजणारा लोरेन्झो ५ गुणांनी अजिंक्य झाला. शिक्षा योग्य होती. हे लिहायला मला दहा वर्षं लागली.

मोटो-टू या खालच्या वर्गात फेनातीने २०१८ला मिसानोत ताशी २००च्या वर शेजारच्या मान्झीचा ब्रेक लिव्हर दाबला, तेही याच खात्यातलं. त्यावर चर्चाच नको.

आणि एक, विषय थोडा सोडून. चाकणला बनलेली केटीएम ३९० घेऊन ताम्हिणी घाटात रविवारी सकाळी हाच ‘ब्लॉक पास’, म्हणजे वळणात आत घुसून दुसऱ्याची वाट अडवणं, करणारी पोरं मी बघतो. माझ्या पुतण्याचा हात त्यातच मोडला. तिथे पडल्यावर थांबवायला वाळू नसते, दगडी कठडा असतो आणि समोरून एसटी येते. तू गाडी चालवतोस म्हणून लिहिलं.

शिक्षेचं. बेझेकीला दोन लाँग लॅप मिळाल्या, म्हणजे शर्यतीत दोनदा वळणाबाहेरच्या लांब वाटेने जाऊन वेळ गमवायचा. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला त्या दोन्ही घेऊनही तो तिसरा आला, म्हणून लोक म्हणतात शिक्षा पोकळ होती. मला पटत नाही. बेझेकीने तीच चूक केली असती आणि मार्केझ नुसता वाळूत घसरून उठला असता, तर दोन लाँग लॅप जास्तच वाटल्या असत्या. शिक्षा रायडरने काय केलं त्याची असावी, हाड मोडलं की नाही त्याची नाही. चुकीच्या अंदाजाला दोन लाँग लॅप पुरेत. मान वळवून बघणाऱ्याला सुरुवातीच्या रांगेत सगळ्यांत शेवटी पाठवा, मग तो माझा रॉसी का असेना.