पेंढा भिजवला तरी पॅरामेशियम का दिसत नाही?

दापोलीजवळच्या तुमच्या गावात मुलीच्या प्रकल्पासाठी तुम्ही पेंढा उकळून विहिरीच्या पाण्यात आठ दिवस ठेवलात, पॅरामेशियम, म्हणजे बारीक केसांनी पोहणारा गोड्या पाण्यातला एकपेशीय जीव, दिसलं नाही, आणि आता विचारताय की खाडीचं पाणी घालून बघू का. नको.

मूळ चूक वेगळीच आहे. पेंढ्यात पॅरामेशियम नसतंच. सुक्या पेंढ्यावर तग धरतो तो कोल्पोडा, दुसराच एकपेशीय जीव, घेवड्याच्या दाण्यासारख्या घडणीचा, कारण सुकताना त्याला स्वतःभोवती कवच करता येतं. पॅरामेशियम सुकलं की मेलं. तरी ‘पेंढा कुजवला की पॅरामेशियम मिळतं’ हे वाक्य वर्षानुवर्षं प्रयोगवहीत उतरवून घेतात आणि कोल्पोडालाच पॅरामेशियम म्हणतात. यावरून मी कितीजणांशी भांडलोय! पेंढा हे बॅक्टेरियांचं खाद्य, आणि बॅक्टेरिया पॅरामेशियमचं. विरजण तळीतूनच आणावं लागतं.

अर्धा लिटर पाण्यात 5 ग्रॅम पेंढा बारीक कापून 10 मिनिटं उकळा. काचेच्या बरणीत ओता, तोंडाला फडकं बांधा, दोन दिवस सावलीत ठेवा. पाणी गढूळ होऊन वर पातळ साय धरली की देवळाच्या तळीतलं, शेवाळ आणि कुजक्या पानांलगतचं 50 मिलिलिटर पाणी घाला. पाच-सात दिवसांनी बरणी उजेडाकडे धरा. पृष्ठभागाच्या जरा खाली, काचेलगत पांढरे ठिपके सरकताना दिसतील. पाव मिलिमीटरचा जीव नुसत्या डोळ्यालाही दिसतो. थेंब तिथलाच घ्या, तळाचा नको. काचपट्टीवर कापसाचे चार-सहा तंतू ठेवलेत तर त्यांत अडकून वेग कमी होतो.

तांब्याच्या कळशीतलं पाणी वापरू नका, तांबं पॅरामेशियमला मारतं. नळाचं पाणी क्लोरीन जाण्यासाठी एक दिवस उघडं ठेवा. फवारणी झालेल्या शेतातला पेंढा नको. सडका वास सुटला तर पेंढा जास्त झाला, प्राणवायू संपला. मे महिन्यात बरणी पत्र्याखाली ठेवलीत तर सगळं उकडून जाईल.

आता खाडी. पॅरामेशियमच्या आत मीठ बाहेरच्या गोड्या पाण्यापेक्षा जास्त, म्हणून पाणी सतत आत झिरपतं. ते उपसायला दोन टोकांना दोन आकुंची रिक्तिका, म्हणजे पाणी भरून बाहेर टाकणारे फुगे, असतात. चारी बाजूंनी नळ्या भरतात, चांदणीसारखा आकार दिसतो, मग मधला फुगा टच्च फुगतो आणि एकदम नाहीसा होतो. एकच फुगा दोनदा नाहीसा होण्यामधले सेकंद मोजा. 100 मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम मीठ विरघळवून त्याचा एक थेंब बरणीतल्या तेवढ्याच थेंबात मिसळा: उपसा मंदावतो. समुद्राच्या पाण्यात त्या मिठाच्या पाण्याच्या सातपट मीठ आहे. त्यात हा जीव आक्रसून मरतो. तुमची विहीर खाडीलगत असून मचूळ झाली असेल तर तिचंही पाणी नको. खाडीतही असे केसाळ एकपेशीय असतात, पण ते वेगळे.

मुलीला दोन बरण्या लावायला सांगा, एकीत तळीचं पाणी, दुसरीत नुसता उकळलेला पेंढा. दुसरीत पॅरामेशियम सापडलं तर मला जरूर कळवा.