बॅरो म्हणजे ढकलगाडी नव्हे, आणि केर्न म्हणजे समाधी तर नव्हेच

प्रश्न असा आलाय: इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला फिरायला जायचंय, तिथल्या बॉडमिन मूर या माळरानावरच्या 'रिलाटन बॅरो'ला माहितीत 'केर्न' म्हटलंय, मग बॅरो म्हणजे ढकलगाडी ना, आणि केर्नला मराठीत समाधी म्हणावं का?

समाधी नको हो! कुठलाही पुरलेला माणूस दिसला की समाधी लिहायचं ही खोड फार वाढलीय. समाधी आळंदीला आहे. इथे उघड्या माळावर कांस्ययुगातल्या कोणाला तरी दगडी पेटीत ठेवून वर दगडांची रास रचलीय, सुमारे २५ मीटर रुंद. १८३७ मध्ये मजूर दगड न्यायला आले आणि आत सोन्याचा पेला निघाला, तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्या राशीला आज कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या नागपूरजवळच्या जुनापाणीच्या दफनांना आपण शिळावर्तुळं म्हणतोच, त्याच चालीवर 'शिळारास' म्हणा, मी तरी तेच म्हणणार. केर्न हा शब्द स्कॉटिश गेलिकमधल्या 'कार्न'चा, अर्थ दगडांचा ढीग, संपलं.

खरी मजा बॅरोत आहे. हा बॅरो म्हणजे दफनावर रचलेला उंचवटा. जुन्या इंग्रजीत 'बेओर्ग' म्हणजे टेकडी, उंचवटा. जर्मन 'बेर्ग' तोच, आणि आइसबर्गमधला बर्गही त्याच घरातला. आता याच मुळाचं संस्कृत रूप बघा, बृहत्! म्हणजे बृहन्मुंबईतला बृहत् आणि कॉर्नवॉलच्या माळावरचा बॅरो हे चुलत भाऊ, मूळ अर्थ उंच, वाढलेला. हे सांगितलं की लगेच कोणीतरी विद्वान येतात, "बघा, इंग्रजीने संस्कृतातून उचलला." अहो, उचललेला नाहीये, दोघांचा पूर्वज एक आहे आणि घरं कधीच वेगळी झाली, चुलत भावाला मुलगा म्हणून काय मिळतं तुम्हाला? आणि जे दुसऱ्या टोकाला जाऊन म्हणतात की असली साम्यं म्हणजे नुसता योगायोग, त्यांनी निदान अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला 'बॅरॅझन्त' तरी बघावा, अर्थ तोच, उंच.

ढकलगाडीतला बॅरो मात्र वेगळा, तो वाहून नेणे या अर्थाच्या 'बेअर'वरून आलेला. पण त्याचंही मूळ आपल्या संस्कृत 'भृ' धातूशी जुळतं, ज्यातून भार आला. म्हणजे इंग्रजीत दोन्ही बॅरो दिसायला एक झाले, आणि आपल्याकडे बृहत् आणि भार अजून स्वच्छ वेगळे आहेत.